दमला की हात उलटा पडतो

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. नवरा शेवटी आजारी होता तेव्हा त्याच्या उशाशी बसून बरंच काही बोलून घेतलं — सासूचं, भांडणांचं, त्याच्या बिडीचं — हे तेवढं बोलले नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही. मघापासून लिहायला बसते, उठते, पाणी पिऊन येते, परत बसते.

मी चौथी शिकलेली बाई. हॉकीतलं मला काय कळणार? पण नगरला पलटण होती, आणि पलटणीमुळे गावाला हॉकीचा नाद होता. माझा नवरा एका क्लबच्या मैदानावर कामाला होता. चुन्याच्या रेघा मारायच्या, रोलर ओढायचा, जाळ्या बांधायच्या. मैदानाच्या कडेला आमची पत्र्याची खोली. त्या दारात बसून मी धान्य निवडलं, पोरींच्या वेण्या घातल्या आणि हॉकी बघितली. वर्षानुवर्षं. दुसरं बघायला होतं तरी काय समोर?

माझ्या शब्दाला वजन कसं आलं, ते सांगते. क्लबच्या लहान गटाला एक सुभेदार शिकवायचे, पलटणीतून रिटायर झालेले. एका वर्षी मी त्यांच्या गोलकीपर पोराबद्दल सहज बोलून गेले, "चेंडू आला की ह्यो डोळे मिटतोय." लोक हसले. सुभेदार हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते जाळीमागे जाऊन उभे राहिले. मिटत होता.

झालं. तेव्हापासून दर मोसमाच्या आधी, चाचणीचा सामना असला की, सुभेदार लोखंडी खुर्ची उचलून माझ्या दाराशी आणायचे. मागोमाग गावातले चार शौकीन यायचे. सुभेदार मिशी चोळत विचारायचे, "बोला वहिनी, औंदाचं पीक कसं काय?"

आणि मी बोलायचे. कुणाची भीड ठेवायची नाही. ह्याच्या पायात वारं हाय, पण डोक्यात बी वारंच हाय. त्यो फुलबॅक भिंतीवानी हाय, खरं — पण भिंतीवानी जागचा हलत बी न्हाई. हा पास देतो तो बापावर उपकार केल्यासारखा. पोरं सुभेदारांपेक्षा मला जास्त टरकायची. बाजूने जाताना उगीच चांगलं धावून दाखवायची. नळावर बाया टोमणे मारायच्या, "हाकीबाई, आमच्या पोरीला बी बघा की एखादा फारवर्डात खेळनारा!" मी वरून रागवायचे. आतून — खोटं कशाला बोलू — मला ते लई आवडायचं. घरात माझं कोण ऐकत होतं? नवरा नाही, सासू तर नाहीच. इथे सुभेदार मान खाली घालून ऐकत होते.

बहात्तर साली एक नवा पोरगा आला. रावसाहेब नाव. आमच्याकडे असली नावं घरोघर असतात. पायात चप्पल नसली तरी पोराचं नाव रावसाहेब. आईबाप जामखेडच्या बाजूचे, दरवर्षी श्रीगोंद्याकडे ऊस तोडायला जाणारे. पोरगा नगरला मामाकडे ठेवलेला. मिसरूड फुटायचं होतं. पळायचा हरणासारखा, पण डावरा.

हॉकी बघणाऱ्याला हे कळेल, न बघणाऱ्याला सांगते. हॉकीच्या काठीची एकच बाजू सपाट असते. त्याच बाजूने चेंडू मारायचा. पाठीची बाजू गोल असते, ती चेंडूला लागली की शिट्टी. आणि डावऱ्यासाठी वेगळी हॉकी मिळत नाही. सगळ्यांनी डावा हात वर धरायचा, उजवा खाली. राव्याचे हात घाईत उलटे पडायचे, डावा खाली जायचा, आणि चेंडू पाठीच्या बाजूने लागायचा. शिट्टी. परत शिट्टी.

मी म्हणाले, "सुभेदार, ह्याला कबड्डी शिकवा. हाकी डावऱ्याची न्हाई. ह्या जल्मात न्हाई."

सगळे हसले. त्याला 'उलटा राव' नाव पडलं. ह्यात माझं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी ते खरंच होतं.

मग पाऊस आलाच नाही. दुष्काळाची कामं निघाली. नवऱ्याच्या पगारात भागेना, म्हणून मीही जायला लागले — गावाबाहेरच्या रस्त्यावर, खडी फोडायला. तिथे राव्या त्याच्या मामीबरोबर यायचा. एकदा माझ्या शेजारीच बसला होता. बघते तर हातोडी उजव्या हातात. घाव धड बसत नव्हता. डाव्या हाताने दगड धरलेला, त्या हाताची बोटं ठेचून काळीनिळी झालेली.

मी म्हणाले, "अरं, डाव्यानं फोड की. बोटं घालवशील."

तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "मावशी, हात बदलतोय. कुनाला सांगू नगा."

भाकरी उजव्या हाताने, ती तर सगळेच खातात. ह्याने बादली उजव्या हाताने ओढली, झाडावर दगड उजव्या हाताने मारले, पाटीवर अक्षरं उजव्या हाताने काढली. मला सगळं सांगायचा. मलाच का? कारण ते माझंच बोलणं होतं ना. मी नाही म्हणाले होते, म्हणून मलाच दाखवायचं होतं त्याला. उन्हाळा सरेपर्यंत त्याचा घाव बरोबर बसायला लागला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दुपारी सगळे सावलीला बसले की तो बाभळीची काठी घेऊन खडे ढकलत बसायचा — डावा हात वर, उजवा खाली. एकदाही उलटं नाही.

मी तेव्हा त्याला शाबास म्हणाले का? आठवत नाही. बहुतेक नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. दसऱ्याच्या सुमाराला चाचणीचा सामना ठरला. पोरांच्या लेखी तो मोठा दिवस. त्यातून निवडलेली पोरं पुण्याला सामने खेळायला जायची आणि तिथे पलटणीची माणसं पोरं बघून उचलायची. वर्दी, पगार, दोन वेळचं जेवण. राव्याला तिथे जागा मिळाली तर त्याचं आयुष्य मार्गी लागणार होतं. नाही मिळाली तर कोयता होताच. हे मला माहीत होतं. नव्हतं असं म्हणता येणार नाही.

राव्या उजव्या बाजूला खेळला. काय खेळला! चेंडू हॉकीला चिकटवल्यासारखा. सगळ्यांना दिसत होतं. मैदानाजवळ चहाची टपरी होती, तिचा मालक अब्बास. तो हातातली किटली खाली ठेवून ओरडला, "क्या वहिनी! तुमचा उलटा राव तर सुलटा झाला! ह्या जल्मात न्हाई म्हनत होत्या ना?"

आणि शौकीन हसले. या वेळी माझ्यावर.

तुम्ही म्हणाल, एवढंच? हो. एवढंच. कुणी शिवी दिली नव्हती. मी पण हसले असते, 'चुकले बाबा' म्हणाले असते, तर तिथेच मिटलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं ते. पण सुभेदार माझ्याकडे वळून बघत होते, खुर्चीत पुढे सरकून, आणि मला वाटलं — आता पुढच्या वर्षी ही खुर्ची येणार नाही.

मी म्हणाले, "आत्ता ताजा हाय म्हनून दिसतंय. दमला की हात उलटा पडतोय त्याचा. मी खडीवर वर्सभर बघितलाय. ऐन टायमाला घात करंल."

हसणं थांबलं. अब्बासने किटली उचलली. खडीवर बघितलाय, म्हटल्यावर कोण काय बोलणार? मी एकटीने बघितलं होतं ना.

आमच्याकडे निवडलेल्या पोरांची नावं पुकारायची पद्धत नव्हती. पोरं रांगेत बसायची आणि सुभेदार रांगेवरून चालत एकेकाच्या खांद्यावर बनियन टाकायचे. बनियन मीच धुतलेले, मीच शिवलेले. गाठोडं धरून मी त्यांच्या मागून चालत होते. राव्यापाशी ते थांबले. एक पाऊल पुढे गेले. परत थांबले. मग शेजारच्या पोराच्या खांद्यावर बनियन टाकला. गाठोडं संपलं. राव्या मांडी घालून तसाच बसून राहिला, खांदा थोडा पुढे केलेला.

इथपर्यंतचं मी नवऱ्याला सांगू शकले असते. तो म्हणाला असता, जीभ लई चालती तुझी. विषय संपला असता. मला जे सांगवत नाही ते ह्याच्या पुढचं आहे.

दोन-तीन दिवसांनी राव्या दारात आला. मी मिरच्या वाळत घालत होते. मला वाटलं भांडायला आलाय. मी तयारच होते, पदर खोचून. पण तो उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "मावशी, सुभेदार म्हनले, दमल्यावं हात उलटा पडतो. मला उमगतच न्हाई कवा पडतो ते. तुमाला दिसतंय, तर मला दावा की. मी नीट करतो."

कळलं का तुम्हाला? त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या हातावर नाही ठेवला, माझ्यावर ठेवला.

तेव्हा तरी सांगायचं. दारात दुसरं कुणी नव्हतं. सुभेदारांचं घर हाकेच्या अंतरावर होतं, पोरं पुण्याला जायला अजून वेळ होता. 'चल माझ्यासंगं' एवढे दोन शब्द. मी काय केलं? मी म्हणाले, "पळ मग. दमूस्तोर पळ. दावते."

तो चेंडू घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लागला. मी कडेने चालत होते. एका जागी मला उभं राहवत नव्हतं. तो दमला. तोंडाला फेस आला, पाय लटपटायला लागले. हात जिथल्या तिथे. डावा वर, उजवा खाली. मी वाट बघत होते — एकदा तरी उलटा पडू दे, म्हणजे माझं खोटं खरं होईल. पडला नाही.

मी ओरडले, "ह्यो बघ! आत्ता पडला!"

तो थांबला. हाताकडे बघितलं. म्हणाला, "आत्ता व्हय?"

"आत्ता. तुला कसं दिसंल?"

परत पळाला. परत ओरडले. रोज यायचा. रोज मी माझी कामं टाकून मैदानाच्या कडेला जायचे आणि मधेच कधीतरी ओरडायचे. का जात होते? नाही म्हणायचं, हाकलून द्यायचं. नाही दिलं. एक दिवस तो आला नाही तर मी सारखी दारात येऊन बघत होते. त्याची काळजी म्हणून नाही. तो सुभेदारांकडे तर गेला नाही ना, म्हणून.

मग जे व्हायचं ते झालं. तो चेंडूकडे बघायचं सोडून हाताकडे बघायला लागला. चेंडू पायाजवळून निघून जायचा आणि हा हात तपासत उभा. आणि एका सकाळी, नुसतं पळायला सुरुवात केली होती, दमला पण नव्हता — तेव्हा त्याचा हात खरोखर उलटा पडला. डावा खाली आला. चेंडू पाठीच्या बाजूने लागला. त्या दिवशी मी ओरडले नाही. ओरडायची गरजच नव्हती. पलीकडे बाकीची पोरं सराव करत होती, ती ओरडली, "उलटा राव!"

वर्षभर ठेचलेल्या बोटांनी त्याने जे कमावलं होतं, ते मी दिवाळी यायच्या आत घालवलं.

संघ पुण्याला गेला. हरला का जिंकला, कुणाला उचललं, ते मला माहीत आहे, पण इथे सांगण्यासारखं नाही. सुभेदारांची खुर्ची पुढेही बरीच वर्षं माझ्या दाराशी येत राहिली. मी बोलत राहिले. लोक ऐकत राहिले. राव्याचं पुढे काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही. जामखेडकडचं कुणी भेटलं की मी विषय बदलायचे.

ऊस तोडायला जायच्या आधी तो मला भेटायला आला होता. टोळीची गाडी मामाच्या दाराशी उभी होती, बाप कोयते आणि भांडी चढवत होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, एकदम मोठा माणूस दिसत होता. म्हणाला, "मावशी, तुमीच खरं बोलला. बाकी सगळे नुसतं ग्वाड बोलत हुते. उगीच पुन्याला जाऊन हसं झालं असतं."

मी म्हणाले, "व्हय."

तो वाकला आणि त्याने माझ्या पायांवर हात ठेवले. मी पाय मागे घेतले नाहीत.