हिशोबातली खोट

आमच्या लूम मास्टरांच्या मंडळाला पैसे जमवायची अक्कल कधीच नव्हती. खर्चायची मात्र उपजत होती. बंद पडलेले माग दुरुस्त करणारे आम्ही सगळे खानदेशी, सुरतेच्या गोडादऱ्यात राहणारे. अडल्यानडल्या मास्टरच्या औषधपाण्यासाठी वर्गणी काढायची, असा मंडळाचा उदात्त हेतू. पण दर बैठकीला लोचो लागायचा, गरमागरम, वरून तेल-शेव घातलेला, आणि निम्मी वर्गणी त्या नाश्त्यातच मुरायची. खजिनदार मी. नको म्हणणार कसा? सगळ्यांत आधी माझीच प्लेट भरलेली असायची.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. वार्षिक सभेच्या दिवशी सकाळीच अमळनेरहून एक गृहस्थ मला बघायला आले. त्यांची मुलगी मला मनापासून आवडली होती, फक्त त्यांचा होकार बाकी होता. मुलगा खजिनदार आहे हे नजरेत भरावं म्हणून मी त्यांना मुद्दाम सभेला नेलं आणि पुढच्या खुर्चीत बसवलं. नको तिथे मिरवायची हौस, दुसरं काय!

हिशोब फुकट तपासून देणारे भाई अहवाल गुजरातीत लिहायचे. अध्यक्ष वाचता वाचता त्याचं मराठी करायचे, जमेल तेवढं. त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "यंदा आपल्या खजिनदारांच्या हिशोबात मोठी खोट आहे."

सभा ढिम्म. सुरतेत तोट्याला खोटच म्हणतात, आम्हीही दिवसभर म्हणायचो. पाहुण्यांना मात्र गुजरातीचा गंध नव्हता. ते ताडकन उठले.

"ज्याना हिशोबमा खोट, त्याले मन्ही पोर देऊ?"

अध्यक्षांनी धावत जाऊन दार अडवलं. "बाबा, तसं नई! पैसा आम्ही सगळासनी मिळीसन खादा!"

आता तर ते चपला शोधू लागले. शेवटी चौघांनी मिळून त्यांना खोट म्हणजे तोटा आणि खादा म्हणजे लोचो खाल्ला, हे समजावलं. ते परत येऊन खुर्चीत बसले.

"चोर ऱ्हाता ते शिल्लक दाखाडता," ते म्हणाले. "पोऱ्या सच्चा शे. पण घरना पैसा मन्ही पोरना हातमा ऱ्हाई."

मी आनंदानं कबूल झालो. अध्यक्षांनी तेवढ्यात खजिनदार बदलायचा ठराव मांडला, आणि सभासद नसतानाही त्याला पहिलं अनुमोदन माझ्या सासऱ्यांनी दिलं.