घरबसल्या मुराळी

भाचीला सातवा महिना लागला तसा जानेफळहून बहिणीचा फोन आला, दादा, तू ये, विहिणीशी बोलायचं आहे. भाची इटलीत नोकरीला, नवराही तिथलाच केलेला. विहिणीला इंग्रजी येत नाही आणि बहिणीला मराठीशिवाय काही येत नाही. मी बुलढाण्यात जन्मभर इंग्रजी शिकवलं, म्हणून इटालियनही मला आलंच पाहिजे, असा घरात सगळ्यांचा समज. सकाळची एसटी धरून गेलो.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यासाठी लेकीला कोणी विचारत नाही. माहेरचा मुराळी तिच्या सासरी जातो, चहापाणी होतं आणि मग तो विहिणीला म्हणतो, लेकीला पाठवा. हा मान माझा, मामाचा. पण इटलीला कोण जाणार? तेव्हा व्हिडिओ कॉल. भाची कामावर असेल अशी वेळ बहिणीने मुद्दाम निवडली होती. नवी साडी नेसून ती बसली. आतल्या खोलीत बाळंतिणीची बाज कसून ठेवलेली होती, डिंक-खारीक कधीच आणून झालं होतं.

तिच्या मोबाईलवर विहीण, माझ्या मोबाईलवर भाषांतराचं अ‍ॅप. आधी बहिणीलाच बोलू दिलं. तिची वऱ्हाडी ऐकून अ‍ॅपने जे काही इटालियन काढलं, त्याने विहीणबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. मग बहीण मला सांगणार, मी अ‍ॅपला इंग्रजीत सांगणार, असं ठरलं.

"त्याइले म्हण, पोरीले पाठवा," बहीण म्हणाली.

'सेंड'ला इटालियनमध्ये 'मान्दारे' म्हणतात, हे मी निघण्यापूर्वीच पाहून ठेवलं होतं. अ‍ॅपही तसंच काही बोललं. शब्द बिनचूक गेला, पण विहीणबाईंच्या चेहऱ्यावर काही उमटेना. त्यांनी विचारलं, मी पाठवू? ती मोठी आहे, मी कोण पाठवणारी? मी 'सेंड'च्या जागी 'अलाऊ' घालून पाहिलं, 'लेट' घालून पाहिलं. त्या आणखीच ओशाळल्या, मी तिला कधी अडवलं का म्हणाल्या. सासर, मुराळी, विहिणीचा मान, हे सगळं मी कुठल्या क्रियापदात कोंबणार होतो? इतकी वर्षं फळ्यावर क्रियापदं चालवली आणि बहिणीचं एक साधं मागणं मला पलीकडे नेता येत नव्हतं. मला रडू यायचं बाकी होतं.

मग त्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या. अ‍ॅपने त्याचं इंग्रजी करून दाखवलं. त्यांनी भाचीला आपणहून विचारलं होतं, आईकडे जातेस का म्हणून. ती नाही म्हणाली. तिला तिथेच बरं वाटतं. तिने अजून आईला सांगितलं नाही का?

बहीण माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"काय म्हणतात?"

मी अ‍ॅप बंद केलं.

"नाही पाठवत म्हणतात," मी म्हणालो.

तिने पदराने डोळे पुसले. पण मला वाटलं होतं त्याहून लवकर सावरली.

"हाव," ती म्हणाली. "माही पोर तं आली असती. सासूच तशी, तिनं काय करावं?"

पडद्यावर त्या भल्या बाई दोन्ही हात जोडून नमस्कार करत होत्या. बहिणीने मोबाईल पालथा ठेवला.