हवालदारांनी लग्न पुढं ढकललं

सिरिंज भरून तयार होती आणि पोरगा काही पालथा व्हायला तयार नव्हता.

"आधी सांगा डॉक्टर, आबांना काय होणार न्हाई न्हवं?"

"सुई तुला टोचतोय. आबांना काय होतंय?"

"शपथ मोडली की मी. आबांची शपथ हुती."

पोराचं नाव यशवंत. वय अठरा. गारगोटीकडच्या खेड्यातला, कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकणारा. पेनिसिलिन आमच्यासारख्या पेठेतल्या दवाखान्यांत नुकतंच मिळू लागलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. घरी यानं सांगितलं होतं, उन्हाळी लागलीय, लघवीला जळजळ होते. आईनं धने-जिऱ्याचं पाणी पाजून पाजून बेजार केलं आणि शेवटी हे आबा, म्हणजे वडील, घेऊन आले. वडिलांना बाहेर बाकावर बसवून मी तपासलं. पू येत होता. काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला. परमा. म्हणजे संबंधातून एकाकडून दुसऱ्याला लागणारा रोग. खोदून विचारल्यावर कबूल झाला. दोस्तांच्या नादानं एकदा बाईकडं गेला होता.

त्याला बरं करणं अवघड नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात लग्न होतं. मुलगी नेसरीची. इंजेक्शन दिलं की जळजळ थांबते, पोरगा खूश होतो, पण रोग गेला की नाही हे पुन्हा तपासल्याशिवाय कळत नाही. राहिला असला तर तो त्या पोरीला लागणार. बायकांत तो गुपचूप आत राहतो, गर्भाची वाट बंद करतो. मग चार वर्षांनी सासू म्हणणार, सून वांझ निघाली. त्या पोरीनं काय घोडं मारलं होतं?

"वडिलांना सांग," मी म्हटलं.

"न्हाई. मरतील ते."

बोर्डिंगात ठेवताना वडिलांनी त्याला अंबाबाईच्या देवळात नेलं होतं. पायरीवर हात ठेवायला लावला आणि म्हणाले, वाईट वाटेला गेलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. बापानं लेकाला या विषयात दिलेलं शिक्षण ते एवढंच. कसं जपायचं, काही झालं तर कुणाला सांगायचं, एक अक्षर नाही.

आता पेशंटची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय बापालासुद्धा सांगायची नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. पोरगा परवानगी देईना. सुई देऊन झाली तरी मला बसवेना. केबिनमध्ये नुसत्या येरझाऱ्या. पोरावर चिडावं, बापावर चिडावं की त्या नियमावर, तेच कळेना.

तेवढ्यात पडदा सरकवून वडीलच आत आले. लढाईवर जाऊन आलेले हवालदार. झुबकेदार मिशा, आवाज असा की कुजबुजले तरी रस्त्यावर ऐकू जावं.

"उन्हाळीला एवढा येळ?" म्हणाले आणि नजर टेबलावरच्या बाटलीवर गेली. "ह्ये पेनिशिलीन हाय. उन्हाळीला कवापास्नं पेनिशिलीन द्याय लागलासा, डॉक्टर?"

यशवंत पायजम्याची नाडी धरून उभा. बाप मुलाकडं बघत राहिला आणि त्याला सगळं कळलं. हात उगारला. मी मध्ये पडलो.

"तुम्हाला हे औषध कसं माहीत?"

"पलटणीत लेक्चर असायचं ह्या रोगावर. सायेब इंग्रजीत बोलायचा, मी पोरांस्नी मराठीत सांगायचो."

"किती पोरांना सांगितलंत?"

"अख्ख्या कंपनीला की!"

"आणि याला?"

"ह्याला कसं सांगू? ती पलटण हुती, डॉक्टर. ह्यो माझा ल्योक हाय."

मी म्हटलं, "मग आता सांगा. मी सांगणार नाही."

हवालदारांनी दोनदा घसा खाकरला. मग एकदम ओरडले, "सावधान! नजर समोर!"

पोरगा ताठ झाला. हवालदार भिंतीकडं बघून सुरू झाले.

"ऐका! जवान माणूस हाय, दगुड न्हवं. मनात येतंय, त्यात लाज न्हाई. पर डोकं ठिकाणावर ठेवायचं. गेलाच कुणी तर रबर वापरायचं. रबर न्हाई तर मागारी फिरायचं. जळजळ झाली, फोड आला, त्याच दिवशी दवाखाना. आजार झाला म्हणून शिक्षा न्हाई. लपवला तर कैद!"

रबर म्हणजे पुरुषानं वापरायची पिशवी. पलटणीत ती वाटत. पेठेत औषधवाला कागदात गुंडाळून, इकडंतिकडं बघून द्यायचा. बाहेर बाकावरची माणसं सरकून पडद्याजवळ आली होती.

हवालदारांनी कपाळाचा घाम पुसला. "झालं. सुई बी दिली. लगीन तिथीलाच हुईल."

"होणार नाही. पुन्हा दोनदा तपासायचं, मग लग्न."

"पत्रिका वाटल्यात! पावण्यांस्नी काय सांगू? चार गावात तोंड काळं हुईल माझं."

यशवंत अजून सावधानमध्येच होता. भिंतीकडं बघतच म्हणाला, "आबा, लपवला तर कैद. तुम्हीच म्हणालासा."

मला वाटलं, आता मारतात. हवालदार स्टुलावर बसले आणि म्हणाले, "नेसरीची पहिली एस.टी. कवा हाय?"

दुसऱ्या दिवशी ते एस.टी.नं नेसरीला गेले आणि मुलीच्या बापाला सगळं सांगून आले. त्यानं शिव्या घालून घालवलं, आणि नंतर स्वतःच माझ्याकडं आला. यशवंतला बोलावून विचारलं; त्यानं हो म्हणून मान हलवल्यावर मी मुलीच्या बापाला खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "दुसऱ्या कुठल्या बापानं सांगितलं नसतं." पुढच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या. तुळशीच्या लग्नानंतर यांचंही लग्न लागलं.

मधल्या काळात हवालदार एकदा एकटेच आले. चेहरा उतरलेला.

"आता काय झालं?"

"पोरगं रोज कायबाय इचारतंय. त्याला सांगतो की. पर परवा त्याच्या आईनं दाराआडनं ऐकलं. आता ती इचारतीया, तुम्हांस्नी ह्ये सगळं एवढं ठावं कसं?"

"मग सांगा. लेक्चर द्यायचो म्हणावं."

"लेक्चर द्याय लागलो त्ये नंतर, डॉक्टर," हवालदार म्हणाले. मिशीला हात लावून खाली बघत बसले.

तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या बापांना मी एकच सांगतो. पोराशी बोलाच, पण आधी बायकोशी बोलून घ्या.