तुटलेलं सूत

संग्रहालयात पाण्यावर चालणारं सूतकताईचं जुनं यंत्र होतं. माहिती सांगणाऱ्या तरुणाने कळ दाबली. पाणी पडलं, चाक फिरलं, सुताला पीळ देणाऱ्या चात्या गरगरल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या चाकाचा संताप आला. नदीला कामाला जुंपणाऱ्याचं नाव पाटीवर होतं. धागे जोडत आयुष्य घालवलेल्या बायकांचं कुठेच नव्हतं. तशीच एक, माझी मावशी, शेजारी खोकत उभी होती. तिचा जन्म सूतगिरणीत गेला.

"याला माणूस लागतच नाही," तरुण म्हणाला.

"आणि धागा तुटला तर?" मावशीने विचारलं.

"तुटत नाही, आजी."

मावशीने हात घालून सूत तटकन तोडलं. "जोड आता."

त्याने खूप खटपट केली. त्याला जमेना. मावशीनेही जोडून दिलं नाही.