पुढचं बघून येणारा

बायकोच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी अन् ती ओट्यावर बसून वाटाणे सोलत होतो आणि तिच्या थोरल्या भावाला हसत होतो. पुढचं बघून आल्याशिवाय पाऊल न टाकणारा असा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा सापडायचा नाही. देवळालीला तोफखान्यात होता. तोफा मागे, हा पुढे. टेकडीवर पालथं पडून शत्रू कुठं, किती, पाणी कुठून नेतो ते बघायचं, आणि आपला गोळा आखूड पडला की लांब ते वायरलेसवर मागे कळवायचं. पेन्शनीत आला, पण टेकडीवरून काही उतरला नाही. लग्नाला गेलो की आम्हाला मांडवाबाहेर उभं करून हा आधी आचाऱ्याकडे चक्कर मारून यायचा. "दाजी, पहिली पंगत सोडा. जिलेबी अजून कढईत हाय." माझ्या पोरीला चांदवडचं स्थळ आलं, तेव्हा आठवडाभर त्यांच्या घरासमोरच्या टपरीवर चहा पीत बसला. शेवटी मुलाचा बापच येऊन म्हणाला, "पाव्हणं, कोणाकडं आलात?" मी शरमेनं मेलो. हा मला म्हणतो, "मुलगा आईच्या हातातली पिशवी घेतो. द्या पोरगी." दिली. सुखात आहे.

एकदा वैतागून म्हणालो, "दादा, आता कुठं लढाई हाय? कशाला आमचा जीव खाता?"

"टेहळणी लढायसाठी नसती, दाजी. मागनं येणारी आपली माणसं कमी मरावी म्हणून असती."

हॉस्पिटलही त्यानं आधीच पालथं घातलं होतं. कोणती लिफ्ट बंद, गरम पाणी कुठं मिळतं, कोणती नर्स हळू सुई टोचते. वाटाणे सोलताना बायको म्हणाली, "दादानं सगळं पाह्यलंय ना? मग येते मी नीट घरी."

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं ते नेलंच. टेबलावरच गेली.

त्यानंतरच्या सकाळी घरात रडारड, तिरडी बांधायची, आणि हा गायब. "सख्खा भाऊ, अन् आत्ता कुठं गेला?" बाया कुजबुजल्या. मला ठाऊक होतं. थोड्या वेळानं आला, चपला राखेनं भरलेल्या.

"दाजी, स्मशानात जाऊन आलो. लाकडं वाळलेली हायेत. नदीकडची जागा घेऊ, तिथं सावली हाय."

एवढं सांगून पायरीवर बसला. मग म्हणाला, "जन्मभर पुढं मी गेलो. ह्या खेपेला ती कशी गेली?"

  मी त्याच्या चपला काढल्या, पायावर तांब्याभर पाणी घातलं, हाताला धरून उठवलं. दारातून आत मी आधी शिरलो. तो गुमान माझ्या मागे आला.