वहिनीची तीस खोकी

आमची वहिनी फरशीच्या दुकानात हिशेबाला बसते. गिऱ्हाईक घराची मापं घेऊन येतं आणि वहिनी सांगते, खोकी किती लागतील, वजन किती भरेल, छोटा टेम्पो चालेल की मोठाच हवा. कापाकापी आणि तूटफूट धरून दहा टक्के जास्तीच मागवायला लावते. कुणी कुरकुर केलीच तर म्हणते, नंतर दोन फरश्या कमी पडल्या आणि त्याच लॉटचा रंग मिळाला नाही, की माझ्या नावानं बोटं मोडाल. अख्ख्या वस्तीच्या फरशीचा अंदाज बांधणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घरात मात्र साधी सिमेंटची जमीन. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्याला कारण माझा दादा. तो स्वतः फरशी बसवणारा मिस्त्री. त्यानं बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही, असा हात. आमच्या डोक्यावर त्यानं आपला मजला चढवला आणि काम पुरं व्हायच्या आत लांबच्या मुलखातल्या मोठमोठ्या इमारतींवर निघून गेला. जाताना बजावून गेला, आपल्या घरची फरशी मीच बसवणार, दुसऱ्याची थापी लागू द्यायची नाही. वहिनीनं ते काळ्या दगडावरची रेघ असल्यासारखं धरलं.

पुढं त्यानं फोनवर फोटो बघून फिकट राखाडी रंग पसंत केला आणि हिनं माल मागवला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधला बोळ मिळून चारशेवीस फूट. एका खोक्यात साडेपंधरा फूट. जास्तीचं धरून तीस खोकी, एकेक तीस किलोचं, म्हणजे नऊशे किलो. हमाल सगळी थप्पी खोलीच्या मधोमध रचायला लागले तशी ही त्यांच्यावर उखडली. एका जागी एवढा भार द्यायचा नाही म्हणून घरभर भिंतीच्या कडेनं दोन-दोन खोकी मांडून घेतली. बरंच केलं म्हणा, खाली आम्हीच राहतो. दादा पुढच्याच महिन्यात यायचा होता.

त्याला आता दोन वर्षं झाली. खोक्यांवर आधी चादरी आल्या, मग गाद्या आल्या, स्वयंपाकघरातल्या खोक्यांवर डबे आले. मी वर गेले की खिडकीखालच्या खोक्यावर बसते आणि विचारते, वहिनी, माझं वजन हिशेबात धरलंस ना? ती हसते, पण लक्ष जिन्याकडेच.

दादाचा फोन आला की ही बोलणार फक्त फरशीचं. माल पडून आहे, खोकी ओल धरतील, कधी बसवताय? अगं बाई, सरळ सांग ना की तुमच्यावाचून करमत नाही. पण छे, तोंडातून अक्षर निघेल तर शपथ. दुकानात नवराबायको रंगावरून भांडायला लागले की बाकीचे वैतागतात. वहिनी मात्र हिशेब बाजूला ठेवून ऐकत बसते. एकदा मला म्हणाली, "वन्सं, एवढं भांडायलासुद्धा माणूस समोर लागतं."

ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मी दादाला फोन लावून चांगला फैलावर घेतला. तिकडे दुसरी कुणी ठेवली आहेस का, इथपर्यंत विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही.

"गुडघे गेले गं माझे," शेवटी तो म्हणाला. "उकिडवं बसता येत नाही. दोन वर्षं झाली, इथं खुर्चीवर बसून नुसता माल मोजतो. ती खोकी मांडून वाट बघतेय. मी येऊन काय करू, भिंतीला टेकून बसू?"

वहिनीला सांगू नकोस म्हणून त्यानं शपथ घातली. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याच संध्याकाळी वर जाऊन सगळं सांगून टाकलं.

आधी तिला खरंच वाटेना. मग ती खोक्यावर बसली आणि म्हणाली, ही फरशी त्यांना घरी आणेल म्हणून मी हात लावू दिला नाही, आणि हिच्याच धाकानं ते येत नाहीत. एवढं बोलून रडायला लागली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मला फरशी कुठं हवी होती, वन्सं?" ती म्हणाली. "मला ते हवे होते."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातल्याच ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. गाद्या, डबे, सगळं खाली माझ्याकडे आलं. एकेक खोली रिकामी करत आठवड्याभरात घर पुरं झालं. मिस्त्री बरा होता, पण दादाच्या हाताची सर नाही. कोपऱ्यात एक सांधा वाकडा गेलाय, मला दिसला. वहिनीलाही दिसला असणार, पण तिनं मिस्त्रीला पुरते पैसे मोजून दिले.

मग माझ्यादेखतच तिनं दादाला फोन लावला.

"फरशी बसली," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या हातून बसवून घेतली. आता इथं तुम्हाला काही काम उरलेलं नाही. नुसते या."

मला वाटलं, आता हा रागावणार, म्हणून मीही फोनला कान लावला.

दादानं हळूच विचारलं, "जिन्याला कठडा बसवलाय का?"

"उद्या बसवून घेते," वहिनी म्हणाली.