कसाव्याचं पाणी

जहाजाचं इंजिन बिघडलं म्हणून आम्ही कॅरिबियनमधल्या एका लहानशा बेटावर चार दिवस अडकलो होतो. बंदरामागच्या एका अंगणात एक म्हातारी कसावा किसत होती. कसावा म्हणजे आपण ज्याचा साबुदाणा करतो तो कंद. किस वेताच्या लांब पिशवीत भरून तिनं पिळला आणि खाली साचलेल्या दुधट पाण्याकडे धावलेली कोंबडी हाकलली.

"विष आहे ते. सगळं निथळलं की मगच भाकरी," ती म्हणाली.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"गोऱ्यांच्याही आधी होड्यांतून इथं पहिल्यांदा आले त्या लोकांनी. आमची माणसं आफ्रिकेतून बेड्या घालून आणली, तेव्हा त्यांच्यातले थोडेच उरले होते."

"बाकीचे?"

तिनं पाण्याकडे बोट दाखवलं. "गोरे खाणीत जुंपायला आले, की घरंच्या घरं हे प्यायची. आधी मुलांना पाजायची."

रस्त्यावर स्वातंत्र्यदिनाच्या पताका फडफडत होत्या. बेट गोऱ्यांच्या हातून सुटलं होतं; पण ते मूळचं ज्यांचं, त्यांचे देव, त्यांची भाषा, त्यांची नावं, काहीच उरलं नव्हतं. उरली होती फक्त विष काढायची रीत. आणि ती ज्यांना येत होती, त्यांनीच एक दिवस भाकरी बाजूला सारून पाणी उचललं होतं.

काल घरी एकादशीचा साबुदाणा भिजवला. त्याच्या पाण्यात विष नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण लेकीनं त्यात बोट बुडवून तोंडाकडे नेलं आणि मी इतक्या जोरात ओरडलो, की ती अजून माझ्याजवळ यायला तयार नाही.